घासूनपुसून सातवाहन

जमिनीखाली अठराशे वर्षं विनातक्रार पडून राहिलेलं नाणं माणसाच्या हाती लागल्यावर पहिली दहा मिनिटं कशीबशी काढतं. नांगराच्या फाळाला किंवा जेसीबीच्या दातांना गाडगं लागलं, फुटलं, आतून हिरव्या-काळ्या चकत्या घरंगळल्या, की पुढचे विधी ठरलेले असतात. पहिला माणूस चकती उचलून अंगठ्याने चोळतो. दुसरा तिच्यावर थुंकून ती विजारीला घासतो. तिसरा गावात जाणता समजला जातो, म्हणून तो ती फरशीवर घासून आत काय आहे ते बघतो. सोनं असेल तर बोलायचं नाही आणि तांबं असेल तर बोलून उपयोग नाही, हे त्याचं धोरण असतं. एवढ्यातून जी चकती वाचते ती घरी येते आणि थेट मोरीत जाते. तिथे चिंचेचा कोळ, खडे मीठ, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी अशी चतुरंग सेना तिची वाटच बघत असते. १८७८ सालच्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. दहा रुपयांत आता धड चहाही येत नाही, पण कायद्यातला आकडा तोच आहे. तो कायदा करणाऱ्या इंग्रजाला चोरीची भीती होती, लपवाछपवीची होती. ठेवा सरकारदरबारी जायच्या आधी त्याला अभ्यंगस्नान घातलं जाईल ही कल्पना मात्र त्याच्या डोक्यात आलेली दिसत नाही.

माझं म्हणणं असं, की जुन्या नाण्यांना गंजापासून जेवढा धोका आहे त्याहून कितीतरी जास्त धोका गंज काढणाऱ्यांपासून आहे. मात्र या घासण्यामागे अडाणीपणा आहे असं कुणी म्हटलं तर ते मला मान्य नाही. त्यामागे पिढ्यान्पिढ्या पारखून घेतलेलं शहाणपण आहे, आणि पंचाईत तीच आहे. पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी राहिली की ती कळकते, हिरवट दिसते आणि खाणाऱ्याला ओकाऱ्या होतात, हे आपल्या आज्या-पणज्यांना रसायनशास्त्राचं नावही न घेता ठाऊक होतं. म्हणून तर कल्हईवाला दारात बसून नवसागराचा धूर काढायचा आणि भांड्यांची आतली बाजू कथलाने पांढरी करून द्यायचा. तांब्या-पितळेवर हिरवं दिसलं की ते विष, आणि विष दिसलं की चिंच, हा हिशेब इतका मुरलेला आहे की शिकलेल्या माणसाचा हातही विचार करायच्या आत चिंचेकडे जातो. पातेल्यापुरता तो बरोबरच आहे. पातेल्याने आमटी धरायची असते. नाण्याने, निदान आता, मजकूर धरायचा असतो. त्याच्यात कुणी आमटी वाढून घेत नाही. पण घरात जे जे धातूचं आहे ते ते भांडंच, अशी आपली ठाम समजूत असल्यामुळे सातवाहनांच्या नाण्यावरचा हत्ती आणि दुधाचं पातेलं एकाच घंगाळात, एकाच शेंडीने, एकाच निष्ठेने घासलं जातं.

आता हा हिरवा थर म्हणजे काय ते जरा जवळून बघू. भांड्याच्या बुडाची काजळी बाहेरून येऊन बसते. ती काढली की आतलं भांडं जसंच्या तसं मिळतं. नाण्यावरचा थर असा पाहुणा नसतो. तो नाण्याच्याच तांब्याचा झालेला असतो. माती, ओल, हवा आणि शेकडो पावसाळे यांच्या संगतीत तांबं हळूहळू खनिज होत जातं. धातूला लागून आधी लालसर ऑक्साइडचा, म्हणजे क्युप्राइटचा थर तयार होतो. त्याच्यावर मॅलाकाइटचा हिरवा. हे तांब्याचं कार्बोनेट. क्वचित कुठे ॲझुराइटची निळी छटा. हे घडत असताना तांबं आतून बाहेर सरकत राहतं, त्यामुळे टांकसाळीत ठशाचा घाव ज्या पृष्ठभागावर बसला होता तो पृष्ठभाग बहुतेक वेळा या थरांच्या पोटात अडकून राहतो. धातू त्याच्या खाली उरतो, खडबडीत आणि खड्ड्याखड्ड्यांचा. सातवाहनांचं पोटीनचं नाणं, म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांच्या भेसळीचं, दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरलं तर सोंड उचललेला हत्ती दिसतो, खांबासारखे पाय दिसतात, पोट आणि पाय यांच्या बेचक्यात मातीची बारीक पूड बसलेली दिसते, कडेला ब्राह्मी अक्षरांचे दोन-तीन फराटे दिसतात. हे सगळं आपण बघतो आहोत ते धातूत आहे असं वाटतं. प्रत्यक्षात हत्ती आता धातूचा राहिलेलाच नसतो, तो मॅलाकाइटचा झालेला असतो. त्याच्यावरून चिंच फिरवली की दहा मिनिटांत हत्ती विरघळून मोरीतून गटारात जातो. हातात राहते ती गुलाबी रंगाची, देवीचे व्रण असावेत तशी चकती. हत्ती होता तिथे एक गळू. कुटुंब मात्र खूश असतं, कारण चकती लख्ख झालेली असते.

हे नुकसान भावनेचं नाही, माहितीचं आहे. १९३९ मध्ये तऱ्हाळा या तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यातल्या गावी सुमारे १,६०० पोटीनच्या नाण्यांचा साठा सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी तो तपासला, तेव्हा त्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी असे राजे निघाले, ज्यांचा पुराणांतल्या वंशावळींत पत्ताच नव्हता. म्हणजे ही माणसं सिंहासनावर बसली, कर वसूल केले, नाणी पाडली, आणि पुराणकारांनी त्यांना सरळ गाळलं. त्यांचं अस्तित्व उरलं ते नाण्याच्या कडेवरच्या चार-पाच अक्षरांत. त्यातही ही नाणी पाडणारे कारागीर घाईतले असावेत. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे पूर्ण नाव एका नाण्यावर सहसा मावतच नाही. एकावर सुरुवात, दुसऱ्यावर शेवट, तिसऱ्यावर मधलं अक्षर, असं जुळवून राजा उभा करावा लागतो. आता कल्पना करा, की तऱ्हाळ्याच्या त्या साठ्याला दिवाळीच्या आदल्या दिवशी एखादी कामसू गृहिणी भेटली असती. पुराणकारांना जमलं नाही ते तिने एका दुपारी केलं असतं. कुंभ सातकर्णी दुसऱ्यांदा आणि कायमचा गेला असता.

नाशिकजवळच्या जोगळटेंभीचा साठा तर याहून नाजूक गोष्ट सांगतो. १९०६ मध्ये तिथे नहपान क्षत्रपाची चांदीची १३,००० हून जास्त नाणी मिळाली, आणि त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका बाजूला नहपानाचा चेहरा, त्याच्या नाकाडोळ्यांवरून सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर. दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. कुणी कुणाला हरवलं याचा इतका उघड पुरावा दुसरा नाही. हरवलेल्याच्या तोंडावरच शिक्का मारला आहे. पण हा पुरावा वाचायचा तर खालच्या नहपानाचा कान, केसांची बट, कडेची ग्रीक अक्षरं अशा पुसट खुणा शिल्लक राहायला हव्यात. घासलं की वरचा जाड ठसा थोडाफार राहतो आणि खालचा पुसट आधी जातो. मग उरतं ते गौतमीपुत्राचं साधं नाणं, आणि नहपानाचा पराभव नहपानासकट नाहीसा होतो. क्षत्रपांच्या बाजूने विचार केला तर हा त्यांचा सूडच म्हणायचा.

यावर पहिला आक्षेप देवघरातून येतो. 'आमचे देव रोज घासतो, पिढ्यान्पिढ्या घासतो, त्यांना काय झालं?' काय झालं ते देव्हाऱ्यातले टाक उचलून बघावं. खंडोबा घोड्यावर आहे हे आपल्याला माहीत आहे म्हणून तो घोड्यावर दिसतो. नाक गेलेलं, डोळे गेलेले, तलवार हातात विलीन झालेली, घोड्याचं तोंड कोणत्या दिशेला यावर भाऊबंदांत मतभेद. जुन्या घरांतल्या कितीतरी टाकांचा आता गुळगुळीत पत्रा झालेला आहे. पण तिथे बिघडत नाही, कारण हा खंडोबा, ही भवानी, हा आपला वीर, हे सांगणारं घरात कुणीतरी असतं, आणि अगदीच झिजला तर सोनाराकडून टाक नवा करून घेता येतो. कुंभ सातकर्णीला घरचं असं कुणी उरलेलं नाही. त्याला ओळखणारं त्याचं नाव तेवढं आहे, आणि ते नाण्यावर आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गंज हा रोग आहे, तो काढला नाही तर नाणं खाऊन टाकेल. इथे थांबून नीट बघायला हवं, कारण यात अर्धं सत्य आहे. सगळे थर खाणारे नसतात. बरेचसे राखणारे असतात. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा किंवा तपकिरी थर एकदा बसला की आतल्या धातूपर्यंत हवा-पाणी पोचू देत नाही. न्यूयॉर्कच्या बंदरातली स्वातंत्र्यदेवता १८८६ मध्ये उभी राहिली तेव्हा तांबूस होती. ती हिरवी पडायला लागल्यावर १९०६ मध्ये, म्हणजे जोगळटेंभीच्याच साली, तिला रंग फासायचा सरकारी बेत झाला होता. लोक खवळले. अभियंत्यांनी तपासून सांगितलं की हा हिरवा थरच तांब्याचं रक्षण करतो आहे, आणि बेत बारगळला. तो पुतळा आपल्या एखाद्या पालिकेच्या ताब्यात असता तर दर वर्षी घासून घेतला गेला असता, आणि घासण्याचं कंत्राट कुणाच्या मेव्हण्याला गेलं यावर सभागृहात दंगा झाला असता.

खरा रोग एकच. त्याला कांस्यरोग म्हणतात, आणि एकेकाळी तो जंतूंमुळे होतो असंही काहींना वाटत होतं. त्याचा कर्ता म्हणजे क्लोराइड, साध्या भाषेत मीठ. खारट जमिनीत, समुद्राजवळ किंवा घामट हातांतून क्लोराइड नाण्यात शिरतं आणि धातूला चिकटून तांब्याचं एक मेणचट, करडं संयुग होऊन गप्प बसतं. हवेत ओल वाढली की ते जागं होतं. पाणी आणि प्राणवायू मिळताच त्याची फिकट पोपटी भुकटी होते आणि सोबत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल ताजं तांबं खातं, त्यातून पुन्हा तेच मेणचट संयुग, पुन्हा ओल, पुन्हा भुकटी. मुद्दल कधी न फिटणाऱ्या सावकारी कर्जाचा हा व्यवहार आहे आणि तो नाण्याची पूड होईपर्यंत चालतो. ओळखायचं कसं, तर रंग आणि पोत यांवरून. चांगला थर गडद आणि टणक असतो, नखाने निघत नाही. रोगाची भुकटी पिठासारखी, फिकट, एखाद्या खड्ड्यातून उगवल्यासारखी दिसते. ब्रशने झटकली तर निघते आणि आठवड्याने त्याच खड्ड्यात पुन्हा हजर होते. शंका असेल तर नाणं ओल्या कापसाच्या बोळ्यासोबत, बोळा नाण्याला लागू न देता, बंद डबीत दोन-तीन दिवस ठेवतात. रोग असेल तर ताजे ठिपके उठतात. कोकणात आणि मुंबईत ही चाचणी मुद्दाम करायची गरज नाही. जून ते सप्टेंबर ती आपोआप चालू असते.

आता त्या मोरीतल्या सेनेकडे परत बघा. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं. ते थर विरघळवतं. मीठ म्हणजे शुद्ध क्लोराइड. ते उघड्या पडलेल्या ताज्या तांब्यात शिरतं. म्हणजे ज्या नाण्याला अठराशे वर्षांत कांस्यरोग झाला नव्हता त्याला आपण दहा मिनिटांत तो रीतसर टोचून देतो, वर नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने खळखळून धुतो आणि पुढच्या पावसाळ्यात भुकटी दिसली की म्हणतो, 'बघा, घासलं नसतं तर किती गंजलं असतं!' बाकीच्या घरगुती उपायांची कुंडलीही अशीच निघते. लिंबू म्हणजे सायट्रिक आम्ल. कोला म्हणजे फॉस्फोरिक आम्ल, साखर आणि बुडबुडे. टूथपेस्ट म्हणजे दातासारख्या कठीण वस्तूसाठी केलेली घासपूड; दात पुन्हा येत नाहीत याची माणसाला काळजी असते, हत्तीचे पायही पुन्हा येत नाहीत हे तो विसरतो. परदेशातल्या संग्राहकांमध्ये ऑलिव्ह तेलात महिनोन्महिने नाणी भिजवायची जुनी चाल आहे आणि ती फार सौम्य समजली जाते. तेलातली आम्लंही थर खातातच, फक्त सावकाश आणि जास्त खर्चात.

मग करायचं काय, असा प्रश्न येतो, आणि उत्तर निराशाजनक आहे. पहिला उपचार म्हणजे डिस्टिल्ड पाणी, तेच जे गाडीच्या बॅटरीत घालायला गॅरेजमध्ये मिळतं. त्यात नाणं ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, आणि माती सुटायची वाट बघायची. मग मऊ ब्रश. मग बांबूची टोकदार काडी किंवा साळिंदराचा काटा. बाभळीचा काटाही चालावा, निदान त्याचा तुटवडा नाही. भिंगाखाली बसून एका अक्षराभोवतीची माती काढायला अख्खी सकाळ जाते. कांस्यरोग असेल तर भुकटी यांत्रिक पद्धतीने काढतात, आणि १९६० च्या दशकापासून रूढ झालेली रीत म्हणजे अल्कोहोलमधल्या बेंझोट्रायझोलच्या सुमारे तीन टक्क्यांच्या द्रावणात नाणं बुडवतात. तांब्यावर त्याचं पातळ संरक्षक कवच बसतं. हे रसायन अंगाला लागू द्यायचं नसतं, हातमोजे घालायचे असतात, त्यामुळे ते संरक्षकाकडून, म्हणजे ज्याचं शिक्षणच यात झालं आहे त्याच्याकडून करून घेणं शहाणपणाचं. वर पॅरालॉइडसारख्या रेझिनचा किंवा मेणाचा हात. आणि शेवटी कोरड्या डबीत सिलिका जेलसोबत, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहील अशी सोय. या सगळ्यात कुठेही चकाकी नाही. चार महिन्यांच्या उपचारानंतर नाणं जसं होतं जवळजवळ तसंच दिसतं. आपल्याकडे ज्या डॉक्टरकडून माणूस इंजेक्शन न घेता परत येतो त्याला फारशी किंमत नसते. नाण्याच्या डॉक्टरची गतही तीच.

'पण संग्रहालयं तरी साफ करतातच की', हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. बर्लिनच्या राजसंग्रहालयांनी १८८८ मध्ये रसायनशाळा काढून फ्रीडरिश राथगेन या रसायनतज्ज्ञाला नेमलं. त्या काळात आणि नंतरही बरीच वर्षं, विजेचा प्रवाह सोडून किंवा जस्त आणि कॉस्टिक सोडा वापरून वस्तूंवरचा थर पार धातूपर्यंत उतरवायची पद्धत होती. हेतू चांगला होता, रोगाचा समूळ नायनाट करायचा होता. त्यात रोग्याचाही बराचसा नायनाट झाला. आज संरक्षक अक्षरांवर बसलेली माती आणि जाड खपली काढतात, पण ठशाच्या पृष्ठभागाशी येऊन थांबतात. आणि कुठे थांबायचं हे कळावं म्हणून सूक्ष्मदर्शक लावतात. शेंडीला कुठे थांबायचं ते कळत नाही. 'मग अक्षरं वाचायची कशी' याचंही उत्तर बहुधा पाण्याच्या वाटीत नसून टेबललॅम्पमध्ये असतं. नाणं तिरप्या उजेडात धरून हळूहळू फिरवलं तर सपाट वाटणाऱ्या थरातून अक्षरांच्या सावल्या उठतात. या उपायाला वीज लागते तेवढीच.

चांदी आणि शिसं यांच्या कहाण्या वेगळ्या आहेत. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते आणि तो काळा थर बहुतांशी निरुपद्रवी असतो. पण चांदीच्या नाण्यावर हिरवं दिसलं तर ते मूळ भेसळीतल्या तांब्याचं असतं. ते आम्लाने ओढून काढलं की चांदी सच्छिद्र होते. शिवाय जमिनीत फार काळ राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असते, वरून धडधाकट दिसते आणि जोर देऊन पुसलं की पापडासारखी मोडते. सोन्याबद्दल बोलायचं कारण नाही. ते गंजत नाही, आणि ज्याला ते सापडतं तो साफसफाईचा सल्ला विचारायला येत नाही.

शिशाचा मात्र स्वभाव विलक्षण आहे. कोल्हापूरकडच्या कुर राजांनी धनुष्यबाणाच्या छापाची शिशाची नाणी पाडली, सातवाहनांनीही शिसं भरपूर वापरलं. शिशाला चिंच लागत नाही, नुसता चिंचेचा शेजार पुरतो. लाकडातून, विशेषतः ओकमधून, तसंच प्लायवूडच्या डिंकातून आणि स्वस्त पुठ्ठ्यातून ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लांची वाफ सतत सुटत असते. बंद खणात ती साठली की शिशाचं पांढरं कार्बोनेट बनतं, तोच पूर्वी रंगात घालत असत तो सफेदा, आणि तो विषारी असतो. युरोपातल्या जुन्या संग्रहालयांनी सुंदर ओकच्या कपाटांत ठेवलेल्या शिशाच्या वस्तू अशाच पांढऱ्या पिठात गेल्या. प्रेमाने सुताराकडून करून घेतलेलं, मखमल लावलेलं, पितळी कड्यांचं कपाट म्हणजे शिशाच्या नाण्यासाठी गॅसची कोठडी. मखमल लोकरी असेल तर त्यातलं गंधक चांदीलाही काळं करतं, रबरबँडही तेच करतं. आणि नाणी ठेवायला म्हणून विकले जाणारे मऊ, पारदर्शक प्लास्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतील तर काही वर्षांत ते स्वतःच आम्ल सोडतात आणि तांब्यावर चिकट हिरवा लगदा आणतात. मग मालक तो लगदा बघतो, त्याला गंज समजतो आणि मोरीकडे निघतो.

राहिला शेवटचा आक्षेप, बाजाराचा. चकचकीत नाण्याला भाव जास्त मिळतो, असं सगळे धरून चालतात. मिळतो, पण तो रस्त्यावर. जाणकार बाजारात घासलेल्या नाण्याचा भाव पडतो, आणि त्याला सौंदर्यापेक्षा संशयाचं कारण जास्त आहे. कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) नावाचा एक जर्मन गृहस्थ प्राचीन ग्रीक आणि रोमन नाणी इतकी सुरेख बनवायचा की मोठमोठे सरदार फसले. नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या किसासोबत पेटीत भरून घोडागाडीला बांधायचा आणि खडबडीत रस्त्यावर गाडी फिरवून आणायचा. आपल्या म्हाताऱ्यांना हवा खायला नेलं, असं तो म्हणे, अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडच्या बनावट शिवराई होनांच्या कारागिरांची गाडी इतकी शाही नसेल, पण धंदा तोच. बनावट तांब्याच्या नाण्यावरचा हिरवा रंग बहुधा उंचवट्यावर आणि खोलगटात सारखाच बसलेला असतो, त्याच्या खाली लाल थर नसतो, आणि कधी ॲसिटोनचा बोळा लावला की रंगच निघून येतो. खऱ्या थराला बनायला शतकं लागतात आणि त्याची नक्कल करणं अवघड असतं. म्हणजे नाणं खरं आहे याचा सगळ्यात चांगला साक्षीदार तो गंजच. घासणारा माणूस आपल्या खऱ्या नाण्याचा साक्षीदार स्वतःच्या हाताने मोरीत सोडतो आणि मग बाजारात जाऊन, अगदी नवं दिसणारं नाणं पुढे करून, हे जुनं आहे असं शपथेवर सांगतो.

अशा नाण्यांवर गंधकाचं द्रावण लावून त्यांना पुन्हा काळं करून देणारेही असतात, तेही माफक दरात. लिलावाच्या याद्यांत अशा नाण्यांपुढे सभ्य भाषेत 'जुन्या काळी साफ केलेले' अशी नोंद असते. हा जुना काळ कधीकधी मागच्या दिवाळीचाही असतो.